तुम्ही विचारलंत म्हणून: नवाकोरा लॅपटॉप मी का पुसतो

खोक्यातून काढलेला चांगला चालता लॅपटॉप पुसून त्यावर विंडोज पुन्हा का टाकतोस, कंपनीने काही विचार करूनच भरलं असेल ना? हे ऐकून ऐकून कान किटले.

विचार केलेला असतोच, पण तो तुमचा नव्हे. ट्रायलवाला अँटिव्हायरस तिथे फुकट बसलेला नसतो, त्या जागेचे कंपनीला पैसे मिळतात. 'नको असेल ते अनइन्स्टॉल कर की,' म्हणाल. लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर निघालं होतं, २०१५ साली ते चव्हाट्यावर आलं. जाहिराती घुसवायला त्याने स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कुठल्या वेबसाइटवर भरवसा ठेवायचा ते मशीनला सांगणारा दाखला) बसवलं होतं. प्रोग्रॅम काढला तरी सर्टिफिकेट तसंच राहायचं. तेव्हापासून मी म्हणायचो, मुळापासून पुसा, विषय संपला.

मग भाचीचा लॅपटॉप आला. विंडोजचा पेनड्राइव्ह लावला तर इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. इंटेलचा व्हीएमडी ड्रायव्हर, म्हणजे डिस्क ओळखायला लागणारा छोटा प्रोग्रॅम, हवा होता. तो दुसऱ्या मशीनवर उतरवून, पेनड्राइव्हवर टाकून दिला, तेव्हा कुठे डिस्क दिसली. सगळी पार्टिशन्स (डिस्कचे कप्पे) उडवली, कंपनीच्या रिकव्हरीसकट. वायफाय मुद्दाम जोडलं नाही. डेस्कटॉप आला, स्वच्छ. मी जरा ऐटीतच खुर्ची मागे सरकवली. तेवढ्यात उजव्या कोपऱ्यात कंपनीची खिडकी: आमचा असिस्टंट इन्स्टॉल करा.

'मामा, हे तू काढलं होतंस ना?'

नेट नाही, डिस्क कोरी, मग आलं कुठून? विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये डब्ल्यूपीबीबिन नावाची फाइल सापडली. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने ही सोय ठेवली आहे: कंपनीने आपला प्रोग्रॅम बायोसमध्ये (डिस्कवर नव्हे, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असलेलं, विंडोजच्या आधी सुरू होणारं सॉफ्टवेअर) ठेवायचा, आणि विंडोजने सुरू होताना तो तिथून उचलून चालवायचा. चोरीला गेलेलं मशीन पुसलं तरी शोधता यावं, हे त्यामागचं कारण. कारण पटतं, म्हणून तर जास्त चिडचिड होते. बायोसमध्ये शोधल्यावर ते बंद करायचं एक बटण मिळालं. सगळ्या मशीनमध्ये ते असतंच असं नाही.

आणि हेही सांगतो, नाहीतर तुम्हीच काढाल: पंख्याचा वेग बदलणारी की चालेना, म्हणून कंपनीचंच एक सॉफ्टवेअर मी आपल्या हाताने परत टाकलं. भाची हसली. हसू दे. चार निरुपयोगी गोष्टींतून हवी ती एक मी निवडली, हा फरक आहे. (फार मोठा नाही, मान्य.)

लायसन्स जाईल ही भीती मात्र सोडा. २०१२ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये विंडोजची की (लायसन्सचा कोड) बायोसमध्येच असते, तीच एडिशन (होम किंवा प्रो) टाकली तर इन्स्टॉलर ती आपोआप उचलतो. म्हणजे ज्या कप्प्यावर मी चिडतो, त्याच्याच जिवावर माझं पुसणं चालतं.

हौस आहे का? आहे थोडी. तुमचा लॅपटॉप आणलात तर आता आधी रिकव्हरी ड्राइव्ह बनवीन, ड्रायव्हर उतरवून ठेवीन, बायोस बघीन. बटण नसेल तर पुसून कितपत उपयोग, ते मला ठाऊक नाही. पुसणार मात्र आहे.