थंडीतला रोहू: आधी उन्हं चढू द्या

दिवाळी उलटली, पूर्णा-दुधनेवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांना दरवाजे बसले की पाणी थबकतं आणि हळूहळू निवळतं. गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, दिग्रसच्या बॅरेजमागेही तीच गत. मग ‘आता मासा लागत नाही’ म्हणून गळ गुंडाळून ठेवले जातात. मासा तिथंच असतो. गार पाण्यात त्याची भूक मंदावलेली असते आणि तो डोहात खाली उतरलेला असतो, एवढाच फरक.

पहाटे नदीवर जायची पावसाळ्यातली सवय आधी सोडा. परभणीचा पारा दहाच्या खाली उतरला असेल तर दहा-साडेदहाच्या आत बसण्यात काही हशील नाही. चांगली वेळ अकरा ते चार. गोदावरी आपल्याकडं पूर्वेला वाहते आणि या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून कललेला असतो. त्यामुळं दक्षिणेच्या उंच दरडीखालचं पाणी बराच वेळ सावलीत राहतं. उत्तरेचा काठ धरा. मात्र काळ्या मातीची दरड पाणी उतरल्यावर आतून भेगाळलेली असते, तिच्या टोकावर बसू नका.

खोली मोजल्याशिवाय गळ टाकू नये. तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीला, नुसतं शिसं बांधून सोडा आणि वाव मोजा; दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर म्हणजे एक वाव. दीड ते दोन वाव पाणी, तळाला घट्ट माती आणि जवळच उथळाकडं जाणारा चढ, अशी जागा सापडली की दिवसभर हलायचं नाही. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. थंडीत मात्र रोहूसाठीही आमिष तळाला टेकवलेलंच बरं.

आता कणीक, कारण बहुतेकांचं इथंच चुकतं. दोन वाट्या गव्हाची कणीक, एक वाटी बारीक कुटलेली शेंगदाणा पेंड, चमचाभर बडीशेपेची पूड. नदीचंच पाणी थोडं थोडं घालून मळा. पुरीच्या कणकेसारखी घट्ट केली की गार पाण्यात ती आणखी आवळते आणि झटका दिला तरी गळाचं टोक तिच्यातून बाहेर येत नाही. म्हणून पोळीच्या कणकेइतकी सैल ठेवा. सैल कणीक गळावरून सुटते, त्यावर उपाय शेतातच आहे: सरकी काढलेला चिमूटभर कापूस पिंजून, तंतू सुटे करून कणकेत मळायचा. ते तंतू गोळा धरून ठेवतात. गोळा लिंबाएवढा नको, लहान बोराएवढा. गळ 8 नंबरचा, तंगूस 0.30 मिलीमीटरचा. मासा जवळ यावा म्हणून पाण्यात टाकायचा चाराही मूठभर पेंडीचाच; जास्त टाकलात तर मासा त्यावरच भागवतो.

शिसं गळापासून चार बोटांवर, जेमतेम तळाला टेकेल असं. फ्लोटला, म्हणजे मासा लागल्याची खूण देणाऱ्या तरंगत्या काडीला, वाळलेल्या ज्वारीच्या धाटाचा वीतभर तुकडा पुरतो. दोन्ही टोकांना मेणबत्तीचं मेण लावा, नाहीतर तासाभरात पाणी पिऊन तो जड होतो.

थंडीत फ्लोट गपकन बुडत नाही, आणि हीच पाहण्यासारखी गोष्ट आहे. आधी बारीक थरथर होते. मग फ्लोट दोन बोटं वर उचलला जातो, आडवा होतो आणि हळूच सरकू लागतो. माशानं गोळा ओठांत धरून शिसं तळापासून उचललेलं असतं. थरथरीला ओढू नका, सरकण्याला ओढा, तेही मनगटानं. रोहूचे ओठ मऊ असतात, खांद्यानं हिसडा दिला की फाटतात. सारखी टोचाटोच होऊन फ्लोट जागेवरच राहत असेल तर ती चिलापीची पिल्लं किंवा खेकडा. जागा हातभर बदला.

ज्या मच्छीमार सोसायटीकडं पाण्याचा ठेका आहे, तिची परवानगी आधी घ्या. पैठणचा नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात तिथं पाहुणे पक्षी उतरलेले असतात; तिथं गळ नकोच. तुटलेल्या तंगुसाचे तुकडेही काठावर टाकू नका. रिकाम्या काडेपेटीवर गुंडाळून घरी न्या, बगळ्याच्या पायाला त्याचा फास बसतो.