लिप बाम वही: खडू, रवा आणि पाचव्या नंबरचं मेण

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की विकतच्या एका बामसारखी हुबेहूब कांडी आठवड्याभरात घरी करून दाखवते. त्याला आता सहा आठवडे होऊन गेले. चार बॅच झाल्या, त्यातल्या दोन परत वितळवल्या, आणि एक ट्यूब लेकीने नाक मुरडून परत केली. "आई, हा बाम नाही, खडू आहे." खरंच खडू होता. ओठांवर फिरवला की पांढरट रेघ उठत होती.

चूक वितळवण्यात नव्हती, लेबल वाचण्यात होती. त्या विकतच्या बामच्या वेष्टनावर पुढच्या बाजूला ठसठशीत अक्षरात मध आणि मधमाशीचं मेण. मागे बारीक अक्षरात सगळी नावं लॅटिन, त्यामुळे आधी ती उलगडून घेतली. रिसिनस कम्युनिस म्हणजे एरंडेल, हेलिॲन्थस ॲन्युअस म्हणजे सूर्यफुलाचं तेल, ब्युटिरोस्पर्मम पार्काय म्हणजे शिया बटर, मग कॅन्डेलिला मेण (एका झुडपाचं), त्यानंतर सेरा आल्बा म्हणजे मधमाशीचं मेण, मग कोको बटर, लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेणचट स्निग्ध), टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व), आणि पार शेपटाला मध आणि गुलाबाचा अर्क.

लेबलवर क्रम वजनाचा असतो, जास्त ते आधी, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. पण त्या क्रमातून किती गणित निघतं हे मला आत्ता कळलं. पाचव्या नंबरच्या जिन्नसाच्या आधी चार जिन्नस आहेत आणि ते चारही निदान त्याच्याइतके तरी हवेतच. म्हणजे पाचवा २० टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. चौथा २५ च्या वर नाही, तिसरा ३३ च्या वर नाही, दुसरा ५० च्या वर नाही. शंभराला नंबराने भागायचं, बस्स. मी पहिल्या बॅचला मधमाशीचं मेण २२ टक्के घातलं होतं, कारण वेष्टनावर मधमाशीचं चित्र होतं! लेबल म्हणजे आकडे पुसलेली पाककृती आहे. पुसलेल्या आकड्यांच्या खुणा मात्र राहतात.

ही युक्ती दोन ठिकाणी फसते, तेवढं ध्यानात ठेवा. युरोप-अमेरिकेच्या नियमांत १ टक्क्याच्या खालचे जिन्नस कुठल्याही क्रमाने लिहायची मुभा आहे, आणि रंग सगळ्यात शेवटी येऊ शकतात, प्रमाण काहीही असलं तरी. म्हणून शेवटी सीआय ७७४९१ (सीआय म्हणजे रंगांच्या यादीतला क्रमांक) दिसला तर तांबडा आयर्न ऑक्साइड चिमूटभरच आहे असं समजू नका. (सीआय ७५४७० म्हणजे कार्माइन, कोचिनील किड्यापासून मिळणारा लाल रंग. शाकाहारी मंडळींनी हा आकडा पाठच करावा.) शिवाय उन्हापासून बचावाच्या अमेरिकन बामवर सनस्क्रीनचे घटक वेगळ्या चौकटीत टक्केवारीसकट छापलेले असतात. तिथे आधी शंभरातून ती टक्केवारी वजा करा, मगच नंबराने भागा.

१ टक्क्याची रेघ कुठे पडते हे लेबल सांगत नाही. मी टोकोफेरॉलला रेघ मानते, कारण तेल खवट होऊ नये म्हणून ते घालतात आणि त्याला अर्धा टक्काही पुष्कळ होतो. तो अंदाजच, पण बऱ्याचदा चालतो. त्याच्या मागे मध बसला असेल तर मधाच्या चित्रावर फार भाळू नये. एका बॅचला मी हट्टाने २ टक्के मध घालून पाहिला. मध तेलात विरघळत नाही. ढवळत राहिले तोवर बरं दिसलं, पण कांडी काढली तर बुडाशी चिकट तपकिरी थेंब. ग्लिसरीनचंही तेच होतं. पाणी नसलेल्या बामच्या लेबलवर हे जिन्नस दिसले तर सोबत इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव करणारा घटक) आहे का ते बघा. नसेल तर बहुधा नावापुरतेच.

आता खडूचा हिशेब. दुसऱ्या बॅचला क्रम पाळला, पण कॅन्डेलिला १४ टक्के आणि मधमाशीचं १२ टक्के घातलं. कॅन्डेलिला मधमाशीच्या मेणापेक्षा पुष्कळ कडक, साधारण दुप्पट कडकपणा देतं. म्हणजे मधमाशीच्या मेणाच्या मापात २८ अधिक १२, झाले ४०. कांडीला २० ते २५ पुरे होतात, डबीतल्या बामला १५ च्या आसपास. चाळिसाला खडू नाही तर काय होणार? वितळायलाही फरक जाणवतो. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशाला सुटतं, कॅन्डेलिला सत्तरीच्या आसपास. कार्नौबा (एका ताडाच्या पानांचं मेण) तर ८० च्या पुढे, म्हणून ते हात राखून वापरा.

चौथ्या बॅचला जमलं. २० ग्रॅमसाठी एरंडेल ७.६, सूर्यफूल ५, शिया ३, कॅन्डेलिला १.८, मधमाशीचं मेण १.२, कोको बटर १, लॅनोलिन ०.३, टोकोफेरॉल ०.१. सगळे आकडे ग्रॅममध्ये, क्रम लेबलचाच, मध आणि अर्क वगळून. टक्क्यांत कॅन्डेलिला ९ आणि मधमाशीचं ६, म्हणजे मधमाशीच्या मेणाच्या मापात १८ अधिक ६, चोवीस. फ्रीझरमधल्या गार चमच्यावर थेंब टाकला, दोन मिनिटांनी नखाने खरवडला. नख रुतलं, पण भुगा झाला नाही. चार ट्यूब भरल्या. हेच मूळ प्रमाण आहे असा दावा मी करत नाही. या क्रमात बसणारी आणि ओठांना पटणारी ही एक जुळणी आहे, एवढंच.

रव्याचं मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही. तिसरी बॅच ओट्यावर आपोआप थंड होऊ दिली, पाच दिवसांनी ओठांवर रवाळ लागायला लागली. शियामधली स्निग्धं वेगवेगळ्या तापमानाला गोठतात. संथ थंड झालं की जास्त तापमानाला गोठणारी आधी एकत्र येऊन कण धरतात. या वेळी सगळं पूर्ण वितळवून ट्यूब थेट फ्रिजमध्ये ठेवल्या. रवा टळला, पण झटकन गार केल्याने प्रत्येक कांडीच्या मधोमध खड्डा पडला. थोडं मिश्रण मागे ठेवून तो वरून भरून घेतला.

याच काळात एका मैत्रिणीचे ओठ सतत सोलवटत होते. तीन बाम बदलून झाले होते. आम्ही तिन्ही लेबलं शेजारी शेजारी कागदावर उतरवली आणि समान नावांखाली रेघा मारल्या. तिन्हींत लॅनोलिन, दोहोंत मेन्थॉल. मेन्थॉल ओठ मऊ करत नाही, गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फक्त चेतवतं. गार वाटलं की काहीतरी काम चाललंय असं वाटतं आणि हात परत बामकडे जातो. लॅनोलिन बहुतेकांना सोसतं, पण काहींना त्याची ॲलर्जी असते. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोग तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली त्याला 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवलं होतं. तिला मी बाम करून दिला नाही, पॅच टेस्टसाठी (संशयित जिन्नस कातडीवर चिकटवून ॲलर्जी तपासतात ती) त्वचारोगतज्ज्ञाकडे जा म्हटलं. मधमाशीच्या मेणातला प्रोपोलिस (माश्यांनी गोळा केलेला डिंकासारखा पदार्थ) आणि एरंडेलातलं रिसिनोलेइक आम्लही काहींना बाधतं, त्यामुळे आपल्या 'नैसर्गिक' बामला आधीच निर्दोष म्हणायचं कारण नाही.

तोवर ती साधी पेट्रोलियम जेली लावते आहे. घरी बाम करणाऱ्या आपल्या मंडळींत हे नाव काढलं की भुवया उंचावतात, पण त्यांच्याशी माझं जमत नाही. ओठांच्या लाल भागात सहसा तैलग्रंथी नसतात आणि वरचा थरही पातळ, त्यामुळे पाणी भराभर उडतं. जेली स्वतः पाणी देत नाही, पण उडणारं अडवते, आणि त्या कामात तिच्याइतका स्वस्त आणि निमूट जिन्नस मला अजून भेटलेला नाही. अमेरिकन रसायनतज्ज्ञ चेझब्रोने तिचं पेटंट घेतलं १८७२ साली. लेबलवर एकच नाव, गणित करायलाच नको.

पुढच्या बॅचला लॅनोलिन काढून त्याचं ०.३ ग्रॅम एरंडेलात मिळवणार आहे, चकाकी किती उतरते ते बघायला. चौथीतली एक ट्यूब तारीख लिहून खणात ठेवली आहे. आज नववा दिवस, बोटाला अजून रवा लागत नाही.