कोपरा घ्या, बाकीचं नंतर बघू

प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की आमच्या घरातले सगळे यू मुम्बाचे, म्हणजे आपल्या मुंबईच्या संघाचे, मालक होतात. ज्यांना महिन्याच्या वाणसामानाची यादी धड करता येत नाही, ते संघाची पाच कोटींची पर्स, म्हणजे लिलावात खर्चायची रक्कम, चहा संपायच्या आत खर्चून मोकळे. याला ६० लाख, त्याला ८० लाख, उरले त्यात दोन इराणी. मग कुणीतरी विचारतं, "अहो, पण पकडीला कोण?" आणि सगळे गप्प. ते विचारणारं माणूस बहुतेक वेळा मीच असते.

आधीच सांगून टाकते. मी लालबागची, माहेरही इथलं आणि सासरही इथलंच. नव्वदच्या दशकात मंडळाकडून खेळायचे, जागा डावा कोपरा, म्हणजे बचावाच्या रांगेत डावीकडचं टोक. तेव्हा मॅट नव्हती, माती होती. गुडघे सोलवटलेले घेऊन सकाळी नोकरीला जायचं आणि साडीखाली पट्टी दिसू द्यायची नाही. त्यामुळे माझं मत निःपक्षपाती वगैरे अजिबात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: लिलावात पहिला मोठा पैसा कोपऱ्यावर घाला. चढाईपटू घरी घडवता येतो.

धाकट्या भावजींना हे पटत नाही. त्यांचं एकच पालुपद, "वहिनी, आपला पोरगा घ्या." आपला म्हणजे मराठी, आणि शक्यतो मुंबईचा. त्यांची सुरुवात ऋषांक देवाडिगापासून होते. हा मुंबईत वाढलेला, पहिले चार हंगाम यू मुम्बाकडे खेळलेला. पाचव्या हंगामात तो यूपी योद्धाकडे गेला आणि २०१७ मध्ये जयपूरविरुद्ध एका सामन्यात चढाईचे २८ गुण घेऊन आला. भावजी त्या रात्री जेवले नव्हते. तिथून गाडी सिद्धार्थ देसाईवर येते. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा हा आडदांड पोरगा २०१८ मध्ये यू मुम्बाने ३६ लाख ४० हजारांना घेतला. पहिल्याच हंगामात त्याने चढाईत दोनशेच्या वर गुण केले आणि पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १.४५ कोटींना उचललं. भावजींच्या मते ही मुंबईवरची दरवडेखोरी होती.

माझ्या मते तो हिशेब मुंबईच्याच बाजूने सुटला. कारण त्या २०१९ च्या हंगामात १.४५ कोटींचा चढाईपटू असून टायटन्स तळाकडे लोळत होते आणि त्याच्याशिवाय यू मुम्बा उपांत्य फेरीत गेले. बंगालकडून ३७-३५ असे दोन गुणांनी हरले ते सोडा. डाव्या कोपऱ्यात कोण होतं? फजल अत्राचली. इराणच्या या माणसावर यू मुम्बाने २०१८ मध्ये १ कोटी लावले, तेव्हा प्रो कबड्डीत कोटीला पोचलेला तो पहिला परदेशी खेळाडू. मला विचाराल तर यू मुम्बाने लिलावात घेतलेला सगळ्यात शहाणा निर्णय तो.

कोपऱ्याची किंमत टीव्हीवर कळत नाही, हे मान्य. कॅमेरा चढाई करणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. पण तीस सेकंदांत मैदानावर खरं काय चालतं ते बघा. समोर सहा किंवा सात जण असले की चढाईपटूला बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडून मिळणारा जादा गुण, खुला असतो. तो कोपऱ्याकडे सरकतो, एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकतो आणि मागचा पाय उचलतो. त्या क्षणी त्याचा सगळा भार एका पायावर असतो आणि कोपऱ्याने घोटा धरायचा तो तेव्हाच. अर्धा श्वास आधी गेलात तर तो पाय काढून घेतो आणि तुम्ही बाद. अर्धा श्वास उशीर केलात तर तो रेषेकडे निघालेला असतो आणि तुम्ही फरपटत जाता, माझा उजवा खांदा अजून त्याची साक्ष देतो. घोटा धरला तरी काम संपत नाही. शेजारच्या कव्हरने, म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभ्या बचावपटूने, त्याच निमिषात येऊन धडक द्यायला हवी. कोपरा आणि कव्हर एकमेकांकडे न बघता खेळतात. ही जोडी जमायला एक-दोन हंगाम जातात आणि नेमक्या तेवढ्याच वेळात मालक लोक ती मोडून नव्याने लिलाव मांडतात.

२०१५ चा आपला कप आठवा. बंगळुरूला ३६-३० ने हरवलं. लोकांना त्यातला अनुप कुमार आठवतो, आणि आठवावाच, त्याच्याइतक्या थंड डोक्याने चढाई करणारा मी दुसरा पाहिला नाही. पण डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा, उजव्यात मोहित छिल्लर आणि मध्ये जीवा कुमार, विशाल माने. ती भिंत होती म्हणून अनुपला रमतगमत बोनस घेणं परवडायचं. तीच मंडळी २०१६ च्या सुरुवातीला पुन्हा अंतिम सामन्यात गेली आणि पाटण्याकडून ३१-२८ ने हरली. त्याच वर्षीच्या पुढच्या लिलावात छिल्लरला बंगळुरूने ५३ लाखांना नेलं, त्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली, आणि नाडाही तिकडेच गेला. दोन्ही कोपरे एका फटक्यात गेले. त्या हंगामात यू मुम्बा उपांत्य फेरीतही नव्हते आणि कप आजतागायत परत आलेला नाही.

माझा मुलगा मात्र आकडे घेऊन बसतो. "आई, प्रदीप नरवाल." एवढंच म्हणतो आणि मोबाइल पुढे करतो. बरोबर आहे, पाटण्याने लागोपाठ तीन कप जिंकले आणि पाचव्या हंगामात प्रदीपने चढाईचे ३६९ गुण केले. पण बाळा, पाटण्याला तो काही कोटी मोजून मिळाला नव्हता. आधी तो बंगळुरूकडे होता, तिथे त्याचा कुणी विशेष उपयोग केला नाही आणि पाटण्यात तो मोठा झाला. त्याला १.६५ कोटी लागले २०२१ मध्ये, यूपीकडून, आणि यूपीच्या हाती कप लागला नाही. पवन सेहरावतचं तर विचारूच नका. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने २.२६ कोटी मोजले आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. गंमत पुढे आहे. त्याच्याशिवाय खेळून थलायवाज पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचले, कारण नरेंदर नावाचा नवखा पोरगा चढाईला उभा केला आणि त्याने दोनशेच्या वर गुण आणले. पुढच्या वर्षी टायटन्सने पवनवर २.६०५ कोटी ओतले आणि बारा संघांत बारावे आले. पवन वाईट खेळला असं नाही. एकटा माणूस चढाई करून येतो, मग समोरून चढाई येते, आणि ती थांबवायला मागे कुणी नसतं.

आता दुसरी बाजू बघा. इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर, डावा कोपरा, पुण्याने २.३५ कोटी लावले आणि मार्च २०२४ मध्ये कप नेला. पुढच्या लिलावात हरियाणाने त्याला २.०७ कोटींना घेतलं आणि डिसेंबरात कप हरियाणाकडे. फजल २०१६ मध्ये पाटण्याबरोबर जिंकला आणि २०२५ मध्ये पुन्हा दिल्लीबरोबर. मुलगा लगेच म्हणतो, "मग गुजरात?" २०२५ मध्ये गुजरातने शादलूवर २.२३ कोटी घातले आणि कप काही आला नाही. हो, नाही आला. कोपरा घेतला की कप मिळतोच असं मी कधी म्हटलं? त्याच्या बाजूला कव्हर कोण होतं ते बघून ये म्हटलं आणि विषय बदलला.

पुण्याच्या कपाचा विषय निघाला की भावजी हमखास चिडतात. त्यांना पुणं जिंकल्याचं दुःख नाही, पुण्याचा कप्तान अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला आहे, त्याचं आहे. "बघा, त्यांनी आपली पोरं घेतली आणि जिंकून दाखवलं." इथे मी त्यांना अर्धं मान्य करते. पण पुण्याने अस्लमला लिलावात फुगवून घेतलेलं नाही. नवोदित म्हणून आणलं, वाढवलं, राखलं. हेच तर मी म्हणते आहे. श्रमिक जिमखान्यात, प्रभादेवीत, नायगावात रोज संध्याकाळी चढाईचा सराव करणारी पोरं कमी आहेत का? त्यांना लिलावात शोधायचं कशाला?

यंदाच्या वादात एक परदेशी वकील शिरला. नणंदेचा मुलगा मेलबर्नला असतो. तो व्हिडीओ कॉलवर येतो आणि तिथल्या फुटबॉलच्या गोष्टी सांगतो, म्हणजे अंडाकृती चेंडूचा त्यांचा स्वतःचा खेळ, क्रिकेटच्या मैदानावर अठरा-अठरा जण. त्याचा संघ वेस्टर्न बुलडॉग्ज, फूटस्क्रे या जुन्या कामगारवस्तीतला. १९५४ नंतर थेट २०१६ मध्ये जिंकला. गिरणगावातल्या माणसाला असला संघ लगेच जवळचा वाटतो, म्हणून सासरेही कान देऊन ऐकतात. तिथे लिलाव नाही. नवी पोरं ड्राफ्टमधून येतात, म्हणजे संघ पाळीपाळीने एकेक निवडतात, आणि जो संघ तळाला राहिला त्याला निवडीचा पहिला मान. बाकी अदलाबदल ऑक्टोबरच्या आसपास, आणि सगळ्यांच्या पगाराला मिळून एक मर्यादा. त्याच्या म्हणण्यानुसार तिथले चाहतेही आमच्यासारखेच. कुणाला आणायचं, कुणाला काढायचं, यावर ऑफिसात, ट्राममध्ये, बारमध्ये नुसती जुंपलेली असते.

"म्हणजे हरणाऱ्याला बक्षीस?" भावजी. "मग मुद्दाम हरतील की."

तसा संशयही आला होता म्हणे. मेलबर्न नावाच्याच संघाची चौकशी झाली, मुद्दाम हरल्याचं सिद्ध झालं नाही, पण २०१३ मध्ये ५ लाख डॉलरचा दंड मात्र बसला. भावजींना हे इतकं आवडलं की त्यांनी ते मंडळात जाऊन दोनदा सांगितलं. त्याहून जास्त आवडला तो बापलेकांचा नियम. बाप एखाद्या क्लबकडून शंभर सामने खेळलेला असेल तर मुलाला घेण्यात त्या क्लबला अग्रहक्क. सासऱ्यांनी लगेच आमच्या मंडळाच्या जुन्या खेळाडूंची नातवंडं मोजायला घेतली.

पण भाच्याने ही सगळी प्रस्तावना केली होती मला कोंडीत पकडायला. "मामी, टॉम बॉइडचं ऐक." २०१३ च्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक, गोल करणारा उंच पोरगा. वर्षभरातच बुलडॉग्जनी त्याला सिडनीच्या जीडब्ल्यूएसकडून आणलं, बदल्यात त्यांचा माजी कप्तान रायन ग्रिफन गेला, वर ड्राफ्टमधला सहाव्या निवडीचा हक्कही दिला. करार सात वर्षांचा, सुमारे ७० लाख डॉलर. पोराचं वय एकोणीस. दोन वर्षं चाहत्यांनी पैशांवरून नावं ठेवली. आणि २०१६ च्या अंतिम सामन्यात त्याने तीन गोल केले, शेवटचा तर इतक्या लांबून की चेंडू टप्पे खात रिकाम्या गोलात गेला. "मामी, त्या एका दुपारीच सगळे पैसे वसूल."

मी दोन मिनिटं काही बोलले नाही, ही आमच्या घरात बातमी आहे. मुद्दा चांगला होता. चढाईपटूचंही असंच असतं. हंगामभर शिव्या खातो आणि एका सामन्यात संघाला तारून नेतो. पण मग मी विचारलं, पुढे काय झालं त्याचं? २०१९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला. दुखापती होत्या आणि मनानेही थकला होता, ते त्याने स्वतः उघड सांगितलं. करार संपायला अजून वेळ होता. मला त्या पोराचं वाईट वाटलं. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या पाठीवर एवढा आकडा लिहायचा आणि प्रत्येक सामन्यात तो वाचून दाखवायचा, याला काय म्हणावं? आमच्याकडे दरवर्षी लिलावात हेच होतं. सिद्धार्थ ३६ लाखांचा होता तेव्हा त्याच्या रिकाम्या चढाईला लोक "जाऊ दे" म्हणायचे. १.४५ कोटींचा झाला आणि तेच लोक टीव्हीसमोर कोटीला भागाकार करायला लागले. त्यात आमचे भावजीही होते, विचारा त्यांना.

२०२४ च्या लिलावात मात्र माझ्या मनासारखं झालं होतं. यू मुम्बाने सुनील कुमारला १ कोटी १ लाख ५० हजारांना घेतलं. उजवा कव्हर, म्हणजे माझ्या बिरादरीतला. भारतीय बचावपटूला कोटीच्या वर बोली लागली ती तेव्हा. हाच सुनील २०२२ मध्ये जयपूरचा कप्तान होता आणि त्याने आपल्याच वरळीच्या डोममध्ये पुण्याला हरवून कप उचलला होता. त्या जयपूरच्या चढाईला होता अर्जुन देशवाल, जो आधी यू मुम्बाकडे होता आणि आपण सोडला. म्हणजे बघा, चढाईपटू आपल्याकडे घडतात, आपल्याला ते राखता येत नाहीत. "कव्हरला कोटी?" भावजी किंचाळले होते. मी त्या रात्री शिरा केला. त्यांनी दोनदा घेतला.

येत्या लिलावासाठी माझी मागणी सांगून ठेवते. कितीही मोठं नाव येऊ दे, पहिल्या तासात हात खाली. बाकीचे संघ दोन-दोन कोटी उधळतील आणि दुपारनंतर त्यांच्याकडे पैसे उरणार नाहीत. तेव्हा तिशीच्या आतला डावा कोपरा घ्यायचा, घोटा धरणारा, नुसता अंगावर उडी मारणारा नको. एफबीएम कार्ड, म्हणजे आपणच सोडलेला खेळाडू शेवटच्या बोलीइतके पैसे देऊन परत घ्यायची सोय, ते बचावपटूसाठीच राखून ठेवायचं. आणि चढाईला एक वयस्क, बाकी सगळी पोरं.

भावजींनी यावर पैज लावली आहे. यू मुम्बाने पहिला मोठा पैसा बचावपटूवर लावला तर ते घरातल्या सगळ्यांना दादरला मासे खायला नेणार, आणि चढाईपटूवर लावला तर मी. भाचा मेलबर्नहून म्हणतो, मला दोन्हीकडून काहीच नाही. त्याला मी लालबागचा चिवडा पाठवीन म्हटलं, तोही हरला तर.