स्पिटफायरला वॅगनआरच्या मापाचे टायर

जुन्या स्पोर्ट्स कारवर खर्च करताना पैसा आधी इंजिनाकडे जातो, मग रंगाकडे, मग क्रोमच्या पट्ट्यांकडे, आणि टायरची पाळी हात आखडल्यावर येते. हा क्रम मला मान्य नाही. ब्रेक कितीही नीट केले आणि स्टिअरिंग कितीही घट्ट करून घेतले, तरी टायर जेवढी पकड देईल तेवढाच त्यांचा उपयोग. शिवाय चांगल्या टायरना फार पैसा लागतो हा समजही खरा नाही. वरूड तालुक्यातल्या एका खेड्यात, संत्र्याच्या बागेच्या उत्पन्नावर घर चालवून मी ट्रायम्फ स्पिटफायर सांभाळतो. तिच्यासाठी टायर कसे निवडावेत याबद्दल माझे जे ठाम मत झाले आहे, ते येथे सविस्तर मांडतो.

स्पिटफायर इंग्लंडमध्ये १९६२ ते १९८० या काळात तयार झाली. माझी गाडी शेवटच्या मालिकेतली, म्हणजे १४९३ सीसी इंजिनाची ‘१५००’, नागपूरच्या एका जुन्या घराण्याकडून आमच्याकडे आलेली. तिची चेसिस मुळात ट्रायम्फ हेराल्डवरून घेतलेली आहे, आणि हेराल्ड ही गाडी मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने आपल्या देशातही बनवली होती. त्यामुळे आमच्या भागातल्या वयस्कर मेकॅनिकांना तिची मूळ रचना अगदीच अनोळखी वाटत नाही. अडचण येते ती टायरच्या दुकानात, कारण दोन आसनांची, जमिनीलगत बसलेली, उघड्या टपाची गाडी पाहिली की तिचे टायरही परदेशातूनच मागवावे लागणार असे सगळे गृहीत धरतात.

या गाडीचे मूळ माप ‘१५५ एसआर १३’ असे आहे. १५५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतची वेगक्षमता, आर म्हणजे रेडियल (आतले धागे एका कडेपासून दुसरीपर्यंत सरळ आडवे असलेला टायर) आणि १३ म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. टायरच्या बाजूची उंची, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतचे अंतर, रुंदीच्या किती टक्के आहे हे त्या काळच्या मापात लिहीत नसत, कारण बहुतेक रेडियल टायरची उंची ऐंशी टक्क्यांच्या आसपासच असे. तेच माप आजच्या पद्धतीने लिहिले की १५५/८० आर १३ होते. वरूडच्या टायरवाल्या चाचांना मी हे माप कागदावर लिहून दिले, तेव्हा कागद हातात धरून ते एवढेच म्हणाले, ‘‘भाऊ, हा तं वॅगनआरचा टायर हाय.’’ त्यांचे म्हणणे अचूक होते. वॅगनआर आमच्याकडे गावोगावी आहे, म्हणून हा टायर तालुक्याच्या ठिकाणी मिळतो, त्याची उलाढाल भरपूर असल्याने माल फार दिवस पडून राहत नाही आणि किंमतही आवाक्यात राहते. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्याचाही थोडा दिलासा आहे.

त्याच १३ इंचांत दुसरी मापेही मिळतात आणि दुकानदार ती सुचवतात, म्हणून हिशेब स्वतः करावा. १३ इंच म्हणजे ३३०.२ मिमी, त्यात टायरच्या बाजूच्या उंचीची दुप्पट मिळवायची. १५५/८० चा व्यास ५७८ मिमी येतो, १७५/७० चा ५७५ मिमी, १४५/८० चा ५६२ मिमी आणि १५५/६५ चा ५३२ मिमी. शेवटचे माप घेतले, तर स्पीडोमीटर ताशी ६० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ५५ नेच धावत असेल, आणि गाडी २३ मिमी खाली येईल. आमच्याकडे प्रत्येक गावाच्या तोंडाशी वेगरोधक आहे, आणि तो कोणत्याही मापात न बसणारा आहे. या गाडीचा सायलेन्सर आधीच खाली आहे. त्यात पाऊण इंचाहून अधिक उंची घालवणे परवडणारे नाही.

१७५/७० चा मोह मात्र खरा आहे. उंची जवळजवळ तीच राहते, टायर भरदार दिसतो आणि रुंद टायर म्हणजे जास्त पकड असे आपण सहज मानतो. तरीही मी तो घेत नाही, आणि त्याचे कारण गाडीच्या मागच्या बाजूच्या रचनेत आहे. स्पिटफायरच्या मागे एकच आडवा पाटा (लीफ स्प्रिंग) आहे आणि दोन्ही बाजूंचे एक्सल मधल्या डिफरन्शियलपाशी, म्हणजे चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीपाशी, मुडपतात. वळणावर गाडीचा मागचा भाग उचलला गेला की बाहेरच्या चाकाचा खालचा भाग आत ओढला जातो आणि टायर आपल्या कडेवर उभा राहू पाहतो. ‘१५००’मध्ये ही खोड बरीच कमी केलेली आहे, पण ती मुळातून गेलेली नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणाऱ्या घाटात, वळणाच्या मध्यावर घाबरून अॅक्सिलरेटर एकदम सोडला, तर मागचा भाग हलका झाल्याचे पाठीला स्पष्ट जाणवते. अरुंद, उंच बाजूंचा टायर अशा वेळी हळूहळू घसरू लागतो आणि चालवणाऱ्याला सावरायला वेळ देतो. रुंद टायर जास्त वेळ धरून ठेवतो आणि सुटतो तेव्हा अचानक सुटतो. त्याची जास्तीची पकड पन्नास वर्षांच्या बेअरिंगांवर, स्टब एक्सलवर (पुढचे चाक ज्यावर फिरते तो आखूड दांडा) आणि मागच्या एक्सलवर ताण टाकते, तोही या भागांची आखणी करताना विचारात नसलेला ताण. उभ्या गाडीत स्टिअरिंग जड होते ते वेगळेच. रिमचाही प्रश्न आहे: १७५/७० ला निदान साडेचार इंच रुंदीची रिम लागते, तर १५५/८० साठी साडेचार इंच हीच नेमकी रुंदी आहे. पावसाळ्यात तर अरुंद टायरच सरस ठरतो, कारण तो पाणी कापत जातो, त्यावर तरंगत नाही. मृगाच्या पावसानंतर ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते आणि रस्ता साबणासारखा होतो, तेव्हा आरपार सरळ खोल खाचा असलेला अरुंद टायरच मला हवा असतो.

परदेशी टायरबद्दल थोडक्यात. जुन्या गाड्यांसाठी मिशेलिन, पिरेली यांसारख्या कंपन्या जुन्याच नक्षीचे टायर आजही बनवतात आणि ते उत्तम असतात, यात शंका नाही. परंतु जून २०२० पासून नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत आहे, आपल्याकडे टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, आणि वाहतूक व कर धरले तर अशा एका टायरच्या पैशांत इथे चारही येतात. प्रदर्शनात उभ्या करायच्या गाडीसाठी तो खर्च समजू शकतो. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी मला तो अनाठायी वाटतो.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे टायरचे वय. हौसेची गाडी वर्षाकाठी थोडीच धावते, त्यामुळे तिचे टायर झिजून संपत नाहीत, ते म्हातारे होऊन संपतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारच्या टायरची खाच निदान १.६ मिमी खोल असावी लागते. पण खाच पूर्ण शाबूत असलेला आणि आतून खलास झालेला टायर या नियमात सहज उत्तीर्ण होतो. उष्णतेने रबराचे ऑक्सिडीकरण वेगाने होते, आणि नागपूर-अमरावतीच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, काही वर्षी त्याच्याही वर जातो. अनेक कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करण्याचा आणि दहा वर्षांनंतर टायर बदलण्याचाच सल्ला देतात. दहा वर्षांची ही मर्यादा आपल्या उन्हाला लागू पडेल असे मला वाटत नाही. मी सहा-सात वर्षांत टायर बदलतो, खाच कितीही उरलेली असो.

म्हणून दुकानात मी पहिल्यांदा पाहतो ती तारीख. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ‘३१२५’ असे असेल, तर टायर २०२५ च्या एकतिसाव्या आठवड्यात तयार झाला. ही चौकट बहुधा एकाच बाजूला असते आणि थप्पी लावलेली असेल तर ती नेमकी खाली जाते, म्हणून टायर बाहेर काढून, उलटा करून, मोबाइलच्या उजेडात आकडे वाचावेत. त्यानंतर टायरची आतली कड, जी रिमवर बसते ती, बोटांनी पूर्ण गोल चाचपावी, आणि बाजूचे रबर अंगठ्याने दाबून वाकवून पाहावे. केसाएवढ्या बारीक भेगा उघडल्या, तर टायर कितीही काळाभोर चकाकत असला तरी तो परत थप्पीवर ठेवावा. टिनाच्या शेडमध्ये एक-दोन उन्हाळे काढलेल्या टायरवर दुकानदार सूट देतो. ती सूट मी घेत नाही. खरेदी दिवाळीनंतर करावी, म्हणजे आलेला नवा माल उन्हाळा न पाहिलेला असतो.

जुने टायर आणि रिमोल्ड (झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवलेले) यांचा विचार या गाडीसाठी करूच नये. वापरलेल्या टायरना खाचा नव्याने कोरून आणि काळा रंग मारून विकण्याचे प्रकार सर्रास चालतात, आणि कोरलेल्या खाचेखाली रबराचा थर किती उरला आहे हे बाहेरून कळण्याचा मार्ग नाही.

आमच्या भागात ‘‘रिमच मारुतीची टाका’’ हा सल्लाही हमखास मिळतो. तो ऐकू नये. स्पिटफायरच्या चाकाला चार बोल्ट आहेत, पण ते ९५.२५ मिमीच्या वर्तुळावर आहेत, आणि आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांचे १०० मिमीच्या. फरक पावणेपाच मिमीचा आहे. जोर लावला तर चाक बसल्यासारखे दिसते, परंतु नट तिरपे बसतात आणि धावताना ढिले होतात. मूळ रिम घासून, रेडऑक्साइड मारून वापरणे स्वस्तही आहे आणि सुरक्षितही.

माझ्या रिमच्या कडा गंजाने खरवडल्या गेल्या आहेत, त्यामुळे ट्यूबलेस टायर तिथे हवा धरत नाही. आत ट्यूब घालावी लागते. तारांची चाके असतील तर ट्यूब आणि रिमवरची पट्टी दोन्ही अनिवार्य आहेत. ट्यूब रेडियलसाठीची आणि मापाचीच घ्यावी. टायरच्या आत चिकटवलेले कागदी लेबल समक्ष काढायला सांगावे, कारण त्याच्या घासण्याने ट्यूब हळूहळू कापली जाते. आतून चॉक पावडर हाताने सगळीकडे फिरवलेली असावी. पांदण रस्त्यांवर बाभळीचे काटे आणि तुरीचे खुंट असतातच. ट्यूब असलेल्या टायरची हवा पंक्चर झाल्यावर झपाट्याने जाते, हे लक्षात ठेवून अशा रस्त्याला वेग कमीच ठेवावा.

हवेच्या बाबतीत पंक्चरच्या दुकानातली सवय या गाडीला घातक आहे. तिथे कोणतीही कार आली की ३२-३५ पीएसआय हवा भरतात. स्पिटफायर १५०० ला पुढे २१ आणि मागे २६ पीएसआय सांगितलेली आहे. गाडी हलकी आहे, आणि पुढे-मागे ठेवलेला हा फरक मागचा भाग वळणावर ताब्यात राहावा म्हणून आहे. चारही चाकांत सारखी हवा भरली तर गाडीचा स्वभावच बदलतो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हा सल्लाही चुकीचा आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो आणि त्या वाकण्यानेच तापतो. तापमान दर पाच-सहा अंशांनी वाढले की हवा साधारण १ पीएसआयने वाढते, म्हणून मोजमाप पहाटे, गाडी हलवण्याआधी, स्वतःच्या गेजने करावे आणि दुपारी वाढलेला आकडा पाहून हवा सोडू नये.

स्टेपनीसह पाचही टायर एकाच वेळी घ्यावेत. ज्यांच्या गाडीला अजून जुने बायस (आतले धागे तिरपे, एकमेकांना छेदणारे) टायर आहेत आणि पैशांअभावी दोनच रेडियल घ्यायचे आहेत, त्यांनी ते मागे लावावेत. पुढे रेडियल आणि मागे बायस ही जोडी मागचा भाग फेकते. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर ती घोडीवर (लोखंडी स्टँडवर) चढवावी आणि टायर पोत्यांनी झाकावेत. इन्व्हर्टर, वेल्डिंग किंवा विहिरीची मोटर त्याच खोलीत असेल तर गाडी दुसरीकडे हलवावी, कारण विद्युत ठिणग्यांतून निघणारा ओझोन रबराला भेगा पाडतो. चकाकीसाठी टायरना डिझेल किंवा ऑइल पुसू नये.

चाके उतरलेली असतानाच पुढच्या ट्रनियनमध्ये (स्टिअरिंगबरोबर पुढचे चाक ज्यावर वळते त्या खालच्या सांध्यात) ग्रीस न भरता ९० नंबरचे गिअर ऑइल भरून घ्यावे. मग बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करावी. आम्हाला त्यासाठी अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते. नव्या टायरवर साच्यातला बुळबुळीत थर असतो, तो जाईपर्यंत पहिले शे-दोनशे किलोमीटर वळणे सावकाश घ्यावीत, आणि पन्नासेक किलोमीटर झाले की रस्त्याच्या कडेला थांबून चारही चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून पाहावेत.