टँगमिअरचं लाल हंटर

मी इंग्लंडमध्ये शाळेत फिजिक्स शिकवते. गेल्या वर्षीही वर्गाला घेऊन टँगमिअरच्या मिलिटरी एव्हिएशन म्युझियमला गेले, डोक्यात प्लॅन पक्का होता, तिथलं लाल हॉकर हंटर हे जुनं लढाऊ जेट विमान दाखवायचं आणि त्याच्यासमोरच ध्वनीचा वेग शिकवायचा. त्याचा नंबर डब्ल्यूबी १८८, म्हणजे हंटरचा पहिला प्रोटोटाइप, चाचण्यांसाठी बनवलेला नमुना. ७ सप्टेंबर १९५३ ला टेस्ट पायलट नेव्हिल ड्यूकने ह्याच विमानातून जवळच्या लिटलहॅम्प्टनच्या किनाऱ्यालगत तासाला ७२७.६३ मैलांचा जागतिक विक्रम केला. तिथे मीटिओर नावाचं आणखी एक जेट पण आहे, तेही वेगाच्या विक्रमवालं आणि तारीख तीच, ७ सप्टेंबर, फक्त साल १९४६!

सुरुवात मस्त झाली. ड्यूकचा विक्रम तीन आठवडेही टिकला नाही, सुपरमरीन स्विफ्ट ह्या दुसऱ्या ब्रिटिश जेटने लिबियात जाऊन मोडला. लिबियाच का? तर हवा तापलेली असली की आवाज जास्त वेगाने जातो, १५ डिग्रीला सेकंदाला साधारण ३४० मीटर आणि ४० डिग्रीला ३५५, आणि विमान आवाजाच्या वेगाजवळ पोचलं की हवेचा विरोध एकदम वाढतो, म्हणजे ती वेळ जितकी उशिरा येईल तितका जास्त वेग मिळतो. पोरांनी भराभर गणितं सोडवली, मी खूश.

मग मी सहज सांगितलं की २० जुलै १९५१ ला बॉस्कम डाउनच्या विमानतळावरून हे हंटर पहिल्यांदा उडालं तेव्हा फिकट हिरवं होतं, विक्रमासाठी लाल रंग दिला, नाक टोकदार केलं, इंजिन पण बदलून आफ्टरबर्नरवालं, म्हणजे मागे जादा इंधन जाळून जास्त जोर देणारं, बसवलं. एक मुलगी म्हणाली, मिस, मग हे पहिलं हंटर कसं? पहिलं तर हिरवं होतं ना.

मी म्हटलं, अगं तेच आहे हे. माझे बाबा भारतीय हवाई दलात फिटर होते, हंटरवरच काम करायचे, इंजिन काढायचं तर विमानाचा मागचा अख्खा भाग सुटा करायला लागायचा, पण नवीन इंजिन बसलं म्हणून विमानाचा नंबर कधी बदलला नाही.

ती लगेच म्हणाली, पण तुमचे बाबा परत तसंच इंजिन बसवायचे ना? इथे तर मुद्दाम वेगळं विमान करायला बदललंय.

मला पटलं, खरंच पटलं. कारखान्यातून निघालेलं हंटर आहे तसं ठेवायचं असतं, प्रोटोटाइप मात्र बनवतातच बदलत राहायला, आणि इतकी वर्षं हे विमान दाखवून मी नेमकं तेच सांगायची राहिले होते. पुढचा अर्धा तास पोरं नाकाखाली उभं राहून भांडत होती, अर्धी हिरव्याच्या बाजूने, अर्धी लालच्या. बस थांबवून ठेवावी लागली.

ह्या वर्षी ध्वनीचं गणित वर्गातच उरकलं आणि म्युझियमला हिरव्या हंटरचा एक मोठा प्रिंट घेऊन गेले.