तुम्ही विचारलंत म्हणून: कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं, मग अटॅक कसा आला?

सकाळी सातला नौपाड्यात कुणाच्या घरी रक्त घ्यायला गेले की सुई काढून कापूस दाबेपर्यंत हा प्रश्न येतोच. "ताई, शेजारच्या काकांचं कोलेस्टेरॉल तर नॉर्मल होतं, मग?"

माझ्या दादाचंही नॉर्मलच होतं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९४. सॅम्पल मीच लावलं होतं आणि रिपोर्ट हातात देताना "ठणठणीत आहेस" असं म्हणालेही होते. त्याची सिगारेट मला माहीत होती, तरी. तीन महिन्यांनी कळवा स्टेशनचा जिना चढताना त्याच्या छातीत कळ आली. ते वाक्य मला अजून टोचतं, म्हणून आता कुणी विचारलं की मी थांबून सांगते.

पाइपात गाळ साचावा तशी रक्तवाहिनी तुंबते, असं आपल्या डोक्यात बसलंय. पण चरबी साचते ती वाहिनीच्या भिंतीच्या आत. तिला गिळायला पांढऱ्या पेशी येतात, गिळून फुगतात, तिथेच अडकतात आणि हाका मारत राहतात. इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६ ही प्रथिनं म्हणजे त्या हाका. त्या ऐकून आणखी पेशी धावतात, भिंत सुजते, चरबीवरचा सायीसारखा पापुद्रा पातळ होत जातो. तो फाटला की तिथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद. आधीचा अडथळा फार मोठा नसला तरीही.

सूज खरंच दोषी आहे का, हे बॉस्टनच्या डॉ. पॉल रिडकर यांच्या चमूने तपासलं. अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन, वाढलेले १०,०६१ रुग्ण त्यात होते. इंटरल्युकिन-१ बीटाला अडवणारं कॅनाकिनुमॅबचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. २०१७ साली निकाल आला: एलडीएल जवळपास तिथल्या तिथे, पण १५० मिलिग्रॅमच्या डोसवर पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू १५ टक्क्यांनी कमी. मात्र जंतुसंसर्गाने दगावणारे वाढले, कारण जंतूंशी लढायलाही त्याच हाका लागतात. म्हणून सूज कमी करणारी गोळी मनाने सुरू करू नका, हे मी हात जोडून सांगते. आणि कोलेस्टेरॉलची चालू असलेली गोळी बंदही करू नका. चरबी आणि सूज दोघी मिळून घात करतात.

सूज मोजायची तर एचएस-सीआरपी ही रक्ताची चाचणी. इंटरल्युकिन-६ची हाक यकृतापर्यंत गेली की ते सीआरपी बनवतं. १ च्या खाली धोका कमी, ३ च्या वर जास्त. पण साध्या सर्दीतही हा आकडा उसळतो. परवा वर्तकनगरच्या एका आजींचा १२ आला. घरात रडारड. त्यांना आठवडाभर ताप होता, हे कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी पुन्हा करायला सांगितली, तेव्हा १.८.

दादाने सिगारेट सोडली, गोळ्या चुकवत नाही. गेल्या महिन्यात त्याचं रक्त घेताना आधी विचारलं, "सर्दी-खोकला? दाढ दुखतेय? हिरड्या सुजल्यात?" तो "नाही" म्हणाला, तेव्हाच दंडाला पट्टा बांधला.