एक नाव सांगा म्हणता

"मॅडम, ते सगळं ठीक आहे, पण सगळ्यात मोठा कोण? एक नाव सांगा ना."

नेरूळला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सिनेमाचं संगीत ऐकायला आपण जमतो. बैठक संपून खुर्च्या एकावर एक रचताना हा प्रश्न येतोच. मग लिफ्टमध्ये येतो, भाजी घेताना येतो. कधी इळैयराजा की रेहमान, कधी हॉलिवूडचे जॉन विल्यम्स की हान्स झिमर, कधी शंकर-जयकिशन की सलील चौधरी. मी टाळते. मग कुणी म्हणतं, मॅडमना कुणाला दुखवायचं नसतं. कुणी म्हणतं, मॅडम भाव खातात. तुम्ही विचारलंत, पुन्हा पुन्हा विचारलंत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मला मत नाही असं समजू नका. तीस वर्षं मी व्हायोलिन शिकवते आहे. त्याआधी काही वर्षं रेकॉर्डिंगला सेकंड व्हायोलिन वाजवलं आहे, मागच्या रांगेत. मत आहे, आणि ते कडक आहे. १९६० च्या 'सायको'त संगीतकार बर्नार्ड हर्मनने फक्त तंतुवाद्यं घेतली. बासरी नाही, ट्रम्पेट नाही, ड्रम नाही. चित्र काळं-पांढरं, तर आवाजही काळा-पांढरा. बराच वेळ तारांवर म्यूट, म्हणजे आवाज दबवणारा चिमटा, लावलेला, त्यामुळे आवाज घसा दाबल्यासारखा येतो. न्हाणीघरातल्या प्रसंगाला संगीतच नको असं दिग्दर्शक हिचकॉकचं म्हणणं होतं. हर्मनने तरी लिहिलं, आणि ऐकल्यावर हिचकॉकने ते ठेवलं. त्या व्हायोलिनांशिवाय तो प्रसंग आज कुणाला आठवतो?

आपल्याकडे या तोडीचं काम सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनसाठी केलं, अरेंजर म्हणून, म्हणजे चालीभोवती कुठलं वाद्य काय वाजवेल ते लिहिणारा. गायक श्वास घेतो त्या फटीत त्यांची व्हायोलिनं बोलतात, आणि गायक गात असतानाही खालून स्वतःची वेगळी चाल चालवत असतात. आणि इळैयराजा! पेटीवर सूर चाचपणं नाही, अरेंजरला हाक मारणं नाही. प्रत्येक वाद्याची ओळ स्वतः कागदावर उतरवायची आणि वादकांसमोर ठेवायची. ज्याने स्टँडवरचा कागद वाचून पोट भरलं आहे, त्यालाच कळेल ही केवढी गोष्ट आहे.

म्हणजे नावं माझ्याकडे आहेत. पूर्वी मी ती द्यायचेही. व्हाइटबोर्डवर एक ते दहा लिहायचे. झिमर त्यात कधी नसायचा, आणि का नाही ते मी आवर्जून सांगायचे.

ऑगस्ट २०२२ ची बैठक. तुमच्यातले निम्मे तरी त्या दिवशी होते.

सुरुवातीला मी विल्यम्स लावला, १९७५ चा 'जॉज'. तो किस्साही सांगितला. विल्यम्सने दिग्दर्शक स्पिलबर्गला पियानोवर शार्कची धून वाजवून दाखवली. दोनच सूर, ई आणि एफ, पुन्हा ई आणि एफ. स्पिलबर्ग हसला, त्याला वाटलं गंमत चालली आहे. पुढे त्याच दोन सुरांनी जगाला समुद्रात उतरायची भीती घातली. "आधी हसणाऱ्याला संगीत उशिरा कळतं," असं मी म्हटलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

अर्ध्या तासाने माझ्याच क्लासमधला एक मुलगा उठला. अकरावीतला, सीवूड्सला राहणारा, दोन वर्षं माझ्याकडे शिकणारा. बैठकीत काही लावायची त्याची ती पहिलीच वेळ. फोन वायरने स्पीकरला जोडला आणि वहीच्या कागदावरून भरभर वाचायला लागला. २०१४ चा 'इंटरस्टेलर'. सिनेमा अवकाशाबद्दल आहे हे दिग्दर्शक नोलनने झिमरला सांगितलंच नव्हतं. बाप आणि मूल यांच्याबद्दल एका पानाचा मजकूर तेवढा दिला होता, आणि झिमरने एका दिवसात त्यावरून धून केली. ऑर्गन लंडनच्या टेंपल चर्चचा. कागद त्याच्या हातात थरथरत होता, ते मला दिसलं होतं.

त्याने ते लावलं. दीड मिनिटाने मी हात वर केला. "बस, कळलं." उठून कीबोर्डपाशी गेले आणि तुमच्याकडे बघत, दोन बोटांनी, तीच धून वाजवली. "पहिल्या महिन्याची मुलं हे वाजवतील. चारच कॉर्ड, वरचा सूर जागचा हलत नाही, नुसता आवाज वाढत जातो. वाद्यांना वेगवेगळं बोलायला लावणं, ते ऑर्केस्ट्रेशन. याला ऑर्केस्ट्रेशन म्हणत नाहीत." तुम्ही हसलात. तोही थोडा हसला. मग त्याने वायर काढली, चार बोटांभोवती नीट गुंडाळली, खिशात ठेवली आणि बैठक संपेपर्यंत बसून राहिला.

पुढच्या महिन्यात तो आला नाही. क्लासलाही नाही. "अभ्यास वाढलाय" असा आईचा मेसेज आला. मला खरं वाटलं, किंवा वाटून घेणं सोयीचं होतं.

ऑक्टोबरात त्याची आई नेरूळ स्टेशनबाहेर भेटली. तक्रार करायला आली नव्हती. बैठकीत काय झालं ते तिला माहीतही नव्हतं. इकडचं तिकडचं बोलताना नवऱ्याचा विषय निघाला. ते जहाजावर सेकंड इंजिनिअर. डिसेंबर २०१९ मध्ये सहा महिन्यांच्या करारावर गेले. मग कोविड आला, बंदरं बंद झाली, बदली माणसं जहाजावर पोचेनात. २०२० च्या शेवटी जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी असे अडकले होते, हे मी पेपरात वाचलं होतं. त्यातलं एक घर माझ्या क्लासपासून दोन स्टेशनांच्या आत होतं आणि मला पत्ता नव्हता. पंधरा महिन्यांनी ते परत आले. मधल्या काळात भर समुद्रात नेट नसायचं. जहाज किनाऱ्याजवळ आलं की त्यांचे व्हिडिओ एकदम सात-आठ यायचे. मुलगा ते तारखेप्रमाणे लावून ओळीने बघायचा.

"त्या सिनेमात आहे ना मॅडम, बाप मुलांचे साठलेले मेसेज एकामागून एक बघतो? ते त्याने किती वेळा लावलं असेल, देव जाणे. तुमच्याकडे लावायचं म्हणून पंधरा दिवस तयारी करत होता. लावलं ना त्याने?"

मी म्हटलं, "हो. लावलं."

एवढंच म्हटलं.

त्या रात्री हेडफोन लावून मी ते पूर्ण ऐकलं. झिमर महान आहे असं काही मला अचानक उमगलं नाही. ऑर्गनच्या नळ्यांत वारा भरतो, सुराच्या आधी तो ऐकू येतो, हे त्या दिवशी हॉलमध्ये माझ्या कानांनी घेतलंच नव्हतं. बाकी चार कॉर्ड चारच होत्या. वरचा सूर एका जागी थांबलेला आणि खाली सगळं बदलत जाणारं, हेही तसंच होतं. ते मला त्या दिवशीही दिसलं होतं. मी त्याला दोष म्हटलं होतं.

आता माझी बाजू सांगते, कारण ती मी सोडलेली नाही. झिमरच्या मारधाडीच्या सिनेमांत अख्खं स्ट्रिंग सेक्शन एकच तुकडा घासत राहतं. सेकंड व्हायोलिनला आणि व्हायोलाला स्वतःचं बोलणं नसतं. मी त्या खुर्चीवर बसले आहे, दिवसभर तोच तुकडा वाजवून घरी जाताना काय वाटतं ते मला माहीत आहे. मुलांना मी ते संगीत शिकवत नाही, पुढेही शिकवणार नाही.

पण दुसरा आक्षेप, जो मी फार मोठ्याने घ्यायचे, तो मला आता घेता येत नाही. झिमरच्या हाताखाली माणसांची फौज असते, सगळं तो स्वतः लिहीत नाही, असं मी म्हणायचे. मग सेबॅस्टियन कोण होते? पोस्टरवर नाव शंकर-जयकिशनचं. 'स्टार वॉर्स'च्या वेळी विल्यम्सच्या मदतीला वाद्यांच्या ओळी मांडून देणारे हर्बर्ट स्पेन्सर होतेच. 'सैराट'मध्ये करमाळ्याच्या विहिरीवर जी व्हायोलिनं चढत जातात, ती लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत तिथल्या वादकांनी वाजवली. ती ऐकताना मी कधी हिशेब मागितला नाही. सगळं एकहाती लिहिणारा तोच मोठा म्हटलं तर हर्मन, इटलीचे मॉरिकोने, इळैयराजा राहतात आणि मुंबईच्या सिनेसंगीतातली माझी आवडती अर्धी मुंबई कोसळते. ती माप बदलून मी उभी ठेवते. झिमरला मात्र ती सवलत देत नव्हते. यातून वाट कशी काढायची ते मला सुचलेलं नाही. म्हणून तुम्ही एक नाव मागता तेव्हा मी गप्प बसते.

मुलाला मी मेसेज केला, लांबलचक. "इट्स ओके मॅडम" असं उत्तर आलं. तो आता पुण्याला शिकतो. व्हायोलिन घरी आहे, वाजवत नाही, असं आई म्हणाली.

माफी तिथे, हॉलमध्येच मागायला हवी होती, तुमच्यासमोर. नंतरच्या प्रत्येक बैठकीत ठरवलं आणि दुसरंच काही लावलं. तुम्ही हसलात ते मी हसवलं म्हणून; त्याचं ओझं तुम्ही घेऊ नका.

या शनिवारी 'इंटरस्टेलर' लावणार आहे. कीबोर्ड घरी ठेवून येईन. कुणाला सुरुवातीला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला. मी मधे थांबवणार नाही.